बार्स्टो: वाळवंटातल्या फाट्यावरचं रेल्वेगाव (वारंवार विचारले जाणारे प्रश्न)

लॉस एंजेलिसच्या आसपास राहणाऱ्या मराठी घरात भारतातून पाहुणे आले की आठवड्याभरात लास व्हेगसची गाडी निघतेच. दोन तास झाले की कोणाला तरी चहा हवा असतो, कोणाला तरी ‘जाऊन यायचं’ असतं, आणि गाडी बार्स्टोला थांबते. बहुतेकांच्या लेखी बार्स्टो म्हणजे एवढंच: पेट्रोल, बर्गर, स्वच्छतागृह. मी मात्र तिथे मुद्दाम जातो आणि रुळांवरच्या पुलावर उभा राहून मालगाड्यांचे डबे मोजतो. घरच्यांना हे वेड मान्य नाही, पण ओळखीच्यांचे प्रश्न त्यामुळेच माझ्याकडे येतात. ते प्रश्न आणि त्यांची उत्तरं एकदाची इथे लिहून ठेवतो.

बार्स्टो नेमकं आहे कुठे?

कॅलिफोर्नियाच्या मोहावे वाळवंटात, सॅन बर्नार्डिनो काउंटीत. लॉस एंजेलिसहून साधारण १८५ किलोमीटर, तिथून पुढे लास व्हेगस साधारण २५० किलोमीटर. २०२० च्या जनगणनेत लोकसंख्या २५,४१५ होती, म्हणजे आपल्याकडच्या तालुक्याच्या गावाएवढी. उन्हाळ्यात पारा चाळिशी सहज ओलांडतो आणि हिवाळ्यात पहाटे हुडहुडी भरते. आजूबाजूला करड्या रंगाची झुडपं, उघडे डोंगर, आणि त्यांच्या मधून जाणारे रूळ.

अशा ठिकाणी गाव वसलंच कसं? पाणी तरी आहे का?

पाणी आहे, पण ते दिसत नाही. मोहावे नदी सॅन बर्नार्डिनोच्या डोंगरात उगम पावते, समुद्राकडे पाठ फिरवून उलटी वाळवंटात शिरते आणि बेकर गावाजवळच्या सोडा लेक नावाच्या कोरड्या तळ्यात संपते. बहुतेक वाटचाल वाळूखालून. बार्स्टोच्या पुलावरून पाहिलं तर पात्रात फक्त रेती दिसते, आणि पहिल्यांदा येणारा प्रत्येक जण विचारतो, “ही नदी?” हो, हीच. १८२६ साली जेडेडाया स्मिथ हा फिरस्ता व्यापारी इथून गेला, तेव्हा त्याने हिला ‘बेभरवशाची नदी’ अशाच अर्थाचं नाव दिलं होतं.

पण वाळूत झिरा खणला की पाणी लागतं, हे इथल्या मूळ रहिवाशांना पूर्वापार ठाऊक होतं. म्हणून त्यांची पायवाट नदीच्या काठाने गेली. १७७६ मध्ये फ्रान्सिस्को गार्सेस हा स्पॅनिश पाद्री त्याच वाटेने आला, मग खेचरांचे तांडे, मग सॉल्ट लेककडून येणाऱ्या मॉर्मन पंथाच्या लोकांच्या गाड्या. आज बार्स्टोत जे रस्ते आणि रूळ एकत्र येतात, त्यांचं पहिलं कारण हे वाळूखालचं पाणी आहे.

गावाला हे नाव कोणाचं?

एका रेल्वे अध्यक्षाचं, आणि तेही मधलं नाव! विल्यम बार्स्टो स्ट्राँग हे सँटा फे रेल्वेचे अध्यक्ष होते. त्यांच्या आडनावाने कॅन्ससमध्ये स्ट्राँग सिटी आधीच वसलेली होती, त्यामुळे १८८६ मध्ये या जंक्शनला त्यांचं मधलं नाव मिळालं. आपल्या पद्धतीने पाहिलं तर गावाला साहेबांच्या वडिलांचं नाव दिल्यासारखं वाटतं, पण तिकडे मधलं नाव वडिलांचंच असतं असं नाही.

त्याआधी याला वॉटरमन जंक्शन म्हणत. वाळवंटातलं स्टेशन म्हणून ‘वॉटर’शी संबंध जोडू नका, तो योगायोग आहे. रॉबर्ट वॉटरमन हे जवळच्या चांदीच्या खाणीचे मालक. हेच गृहस्थ १८८७ मध्ये कॅलिफोर्नियाचे गव्हर्नर झाले. गव्हर्नरचं नाव पुसून रेल्वे अध्यक्षाचं लागलं, यावरून त्या काळी वाळवंटात हुकूम कोणाचा चाले ते समजावं.

रेल्वे आणली कोणी? दोन कंपन्यांचं भांडण होतं म्हणतात, ते काय?

हा माझा आवडता प्रश्न, तेव्हा उत्तर जरा लांबेल.

१८८० च्या सुमारास कॅलिफोर्नियात सदर्न पॅसिफिक कंपनीची मक्तेदारी होती. पूर्वेकडून सँटा फेच्या गोटातली अटलांटिक अँड पॅसिफिक कंपनी रूळ टाकत कोलोरॅडो नदीकडे येत होती. आपल्या अंगणात परका येणार हे दिसताच सदर्न पॅसिफिकने काय केलं, तर मोहावे गावापासून पूर्वेला थेट नदीकाठच्या नीडल्सपर्यंत स्वतःच रूळ टाकून ठेवले. १८८२ ला काम सुरू आणि १८८३ मध्ये नीडल्स गाठलं. पाहुणा दारात पोचायच्या आत दारालाच कडी घातली म्हणा ना.

नीडल्सला दोन्हीकडचे रूळ जुळले, पण सदर्न पॅसिफिकला ही लाइन चालवण्यात रस नव्हता. माल आणि प्रवासी आपल्याच दक्षिणेकडच्या लाइनीने जावेत असं त्यांना वाटे. सँटा फेवाल्यांनी मग धमकी दिली की आम्ही समांतर दुसरी लाइन टाकू. १८८४ मध्ये सदर्न पॅसिफिकने मोहावे ते नीडल्स हा सगळा पट्टा प्रतिस्पर्ध्याला भाड्याने देऊन टाकला.

आता सँटा फेला समुद्र हवा होता. कॅलिफोर्निया सदर्न ही तिचीच धाकटी कंपनी सॅन डिएगोहून सॅन बर्नार्डिनोपर्यंत आलेली होती. मध्ये कहोन पास हा घाट उभा. तो चढून तिने नोव्हेंबर १८८५ मध्ये वॉटरमन जंक्शनला, म्हणजे आजच्या बार्स्टोला, रूळ जोडले. दक्षिण कॅलिफोर्नियाचा किनारा अशा रीतीने दुसऱ्या कंपनीच्या गाड्यांना खुला झाला आणि बार्स्टो खरं जंक्शन झालं: पूर्वेकडून आलेली लाइन इथे फुटते, एक फाटा मोहावेमार्गे उत्तर कॅलिफोर्नियाकडे, दुसरा घाट उतरून लॉस एंजेलिसकडे.

त्यानंतर भाड्याची लढाई जुंपली. मार्च १८८७ मध्ये कॅन्सस सिटी ते लॉस एंजेलिस हे तिकीट थोड्या वेळापुरतं का होईना, पण एक डॉलरवर आलं होतं. लोकांचा लोंढा आला, लॉस एंजेलिसमध्ये जमिनींचे भाव भडकले. या लोंढ्यातला सँटा फेने आलेला प्रत्येक माणूस बार्स्टोवरून गेला.

कहोन पास हा आपल्या बोरघाटासारखा आहे का?

चढाच्या बाबतीत, हो, बराचसा. बोरघाटाचा चढ ३७ ला १. कहोनच्या जुन्या रुळांवर तो ३ टक्के, म्हणजे ३३ ला १, आणि काही तुकड्यात त्याहूनही जास्त. कर्जतला जशी मागून बँकर इंजिनं लागतात, तशी इथेही जादा इंजिनं लावत. आता लांब मालगाड्यांच्या मध्ये आणि शेवटीसुद्धा इंजिनं असतात आणि ती पुढच्या इंजिनातून रेडिओने चालवली जातात. फरक एवढाच की बोरघाटात पावसाळ्यात धबधबे अंगावर येतात, इथे उन्हाळ्यात धूळ. आणि हो, या घाटातून सॅन अँड्रियास ही भूकंपाची भेग जाते. महामार्ग, रेल्वे, पेट्रोलची नळी, विजेच्या तारा, सगळं त्याच चिंचोळ्या खिंडीतून नेलेलं आहे. इलाज नाही, दुसरी सोयीची वाट नाही.

जवळ कॅलिको आणि डॅगेट ही जुनी गावं होती. मग मोठं बार्स्टोच का झालं?

कॅलिको हे चांदीचं गाव. १८८१ ला वसलं, भरभराटीच्या दिवसांत हजारावर वस्ती होती आणि डोंगरात शेकडो खाणी. १८९० च्या दशकात चांदीचा भाव पडत पडत निम्म्यावर आला आणि गाव ओस पडलं. १९५१ मध्ये वॉल्टर नॉट यांनी ते विकत घेऊन दुरुस्त केलं (नॉट्स बेरी फार्म या मनोरंजन उद्यानाचे मालक तेच हे), आणि १९६६ मध्ये काउंटीला देऊन टाकलं. आज तिथे तिकीट काढून ‘भूतांचं गाव’ बघता येतं. जरा नाटकी झालंय, पण खाणीचे बोगदे आणि डोंगराचे रंग खरे आहेत.

डॅगेटची गोष्ट वेगळी. रेल्वे आली तेव्हा त्याला कॅलिको जंक्शन म्हणत. कॅलिकोची चांदी इथेच उतरे. पुढे टाकणखाराच्या खाणी लागल्या आणि वीस-वीस जनावरांनी ओढलेल्या गाड्या डॅगेट स्टेशनात येऊ लागल्या. १८९८ मध्ये त्या खाणींपर्यंत एक छोटी रेल्वेही टाकली गेली. रेल्वेचं मोठं ठाणं डॅगेटलाच होणार अशी हवा झाली, जमिनीचे भाव वाढले, आणि कंपनीने काढता पाय घेऊन बार्स्टो निवडलं असं तिथली जुनी माणसं सांगतात. आपल्याकडे विमानतळ येणार, समृद्धी महामार्ग येणार म्हणून भाव चढवून बसलेल्या गावांची आठवण व्हावी अशीच ही गोष्ट. पण माझ्या मते खरं कारण भूगोल आहे. कहोन घाटातून आलेली लाइन बार्स्टोला मिळते, डॅगेटला नाही. फाटा जिथे, तिथे इंजिन बदलायचं, गाडी तोडायची, जोडायची. त्यामुळे कामगार तिथे, त्यांची घरं तिथे, दुकानं तिथे. चांदी आणि टाकणखार संपणारी वस्तू. फाटा संपत नाही.

भुसावळकरांना हे समजावून सांगायची गरज पडत नाही.

स्टेशनावर ती राजवाड्यासारखी इमारत कसली?

कासा देल देसिएर्तो, म्हणजे स्पॅनिशमध्ये ‘वाळवंटातलं घर’. आधीची इमारत १९०८ मध्ये जळाली, ही २२ फेब्रुवारी १९११ ला सुरू झाली. हे हार्वे हाउस होतं. ते काय हे समजायला त्या वेळचा प्रवास डोळ्यापुढे आणावा लागेल. गाडीत जेवणाची सोय नाही, स्टेशनावर मिळेल ते शिळंपाकं खायचं, आणि गाडी सुटायच्या आत आटपायचं. फ्रेड हार्वे नावाच्या माणसाने १८७६ मध्ये सँटा फेशी करार करून ही तऱ्हाच बदलली. गाडीतल्या किती जणांना जेवायचं आहे हे आधीच्या स्टेशनावरून तारेने कळवलं जाई. गाडी थांबायच्या आत पानं मांडलेली असत, चादरीसारखे स्वच्छ टेबलक्लॉथ, चांदीचे काटे-चमचे, आणि वाढायला पांढऱ्या एप्रनमधल्या तरुण मुली. अर्ध्या तासात चार पदार्थांचं जेवण. पूर्वेकडच्या गावांतून आलेल्या या ‘हार्वे गर्ल्स’पैकी कित्येकींनी पश्चिमेतच संसार थाटले.

मग गाड्यांतच डायनिंग कार आल्या, लोक मोटारीने आणि विमानाने जाऊ लागले, आणि इमारत बंद पडली. १९९२ च्या लँडर्स भूकंपात तिला तडे गेले. नगरपालिकेने ती वाचवली आणि १९९९ मध्ये दुरुस्ती होऊन ती पुन्हा उघडली. आता तिथे दोन संग्रहालयं आहेत: एक पश्चिमेकडच्या रेल्वेचं आणि एक रूट ६६ या जुन्या हमरस्त्याचं, जे ४ जुलै २००० ला सुरू झालं. दोन्ही स्वयंसेवक चालवतात, उघडण्याचे दिवस आणि तास मोजके असतात, तेव्हा निघण्याआधी चौकशी करा. बंद असलं तरी कमानींखाली बसायला कोणी मना करत नाही.

पूर्वेकडच्या स्टेशनांची नावं एबीसीडीप्रमाणे आहेत, हे खरं?

खरं. १८८३ मध्ये लुईस किंगमन या इंजिनिअरने वाळवंटातल्या पाणी-थांब्यांना वर्णमालेप्रमाणे नावं दिली: अँबॉय, ब्रिस्टल, कॅडिझ, डॅनबी, आणि पुढे एसेक्स, फेनर, गॉफ्स, होमर, आयबिस, जावा. माणूस नाही, झाड नाही, नाव द्यायला काही सापडेना, तर केली बाराखडी! अॅरिझोनातलं किंगमन गाव याच साहेबांच्या नावाचं.

वाफेच्या इंजिनांना या पट्ट्यात पाणी मिळणं ही मोठीच अडचण होती. आज ज्याला न्यूबेरी स्प्रिंग्ज म्हणतात तिथे झरे होते. त्या स्टेशनाचं नावच एके काळी ‘वॉटर’ होतं. तिथून टाक्यांच्या वाघिणी भरून पुढच्या कोरड्या स्टेशनांना पाणी पाठवत. आपल्याकडे लातूरला २०१६ मध्ये मिरजेहून पाण्याची रेल्वे गेली, तेव्हा मला हेच आठवलं होतं. अँबॉयजवळच्या बगदाद या थांब्यावर तर १९१२ ते १९१४ दरम्यान सलग ७६७ दिवस पावसाचा थेंब पडला नाही. अमेरिकेतला तो विक्रम अजून मोडलेला नाही, असं सांगतात; मोडावा अशी कोणाची इच्छाही नसेल.

रूट ६६ बार्स्टोत कुठे आहे?

गावातला मेन स्ट्रीट, तोच रूट ६६. वेगळा शोधायला नको. १९२६ मध्ये क्रमांक देऊन हा रस्ता जाहीर झाला, शिकागो ते लॉस एंजेलिस, आणि पुढे सँटा मोनिकाच्या समुद्रापर्यंत. वाळवंटात त्याने स्वतःची वाट काढली नाही, रेल्वेचा हात धरला. नीडल्स ते बार्स्टो रूळ आणि रस्ता बहुतेक जागी शेजारीशेजारी. साहजिकच आहे: मोटार बंद पडली तर मदत मागायला जवळच्या स्टेशनातला माणूसच होता. १९३० च्या दशकात मध्य अमेरिकेत धुळीच्या वादळांनी शेती बुडाली, तेव्हा घरदार मोटारीवर बांधून निघालेली हजारो कुटुंबं याच रस्त्याने आली. वाळवंट रात्रीच पार करायचं, म्हणजे इंजिन तापत नाही, असा त्यांचा शिरस्ता होता. सकाळी बार्स्टो दिसलं की सुटकेचा श्वास.

युद्धानंतर चांगले दिवस आले. मोटेलं, निऑनच्या पाट्या, गॅरेजं. मेन स्ट्रीटवरचं एल रँचो मोटेल बांधायला बंद पडलेल्या टोनोपा अँड टाइडवॉटर रेल्वेचे लाकडी स्लीपर वापरले आहेत. रस्त्याच्या गिऱ्हाइकांसाठी रेल्वेच्या लाकडाची भिंत. या गावाचा इतिहास एका वास्तूत हवा असेल तर ती हीच.

१९८५ मध्ये ६६ हा क्रमांक अधिकृत यादीतून काढला. रस्ता आहेच. पश्चिमेला लेनवुड, हेलेनडेल, ओरो ग्रांदे या बाजूने व्हिक्टरव्हिलपर्यंत जुन्या रस्त्याने अवश्य जा. वाटेत काचेच्या बाटल्या लोखंडी दांड्यांवर अडकवून केलेलं ‘बाटल्यांचं रान’ लागतं. वारा सुटला की ते वाजतं.

एकूण किती हमरस्ते इथे मिळतात? डोक्यात गोंधळ होतो.

मोठे दोन. इंटरस्टेट १५ सॅन डिएगोहून निघतो, बार्स्टो, लास व्हेगस, सॉल्ट लेक करत कॅनडाच्या सीमेपर्यंत जातो. इंटरस्टेट ४० बार्स्टोतच जन्मतो आणि थेट अटलांटिककाठच्या नॉर्थ कॅरोलिना राज्यातल्या विल्मिंग्टनला संपतो. विषम आकडे दक्षिणोत्तर, सम आकडे पूर्व-पश्चिम, एवढं लक्षात ठेवलं की काम भागतं.

पूर्वीच्या काळी हेच काम ६६, ९१ आणि ४६६ हे तीन रस्ते करत. ९१ लास व्हेगसकडचा. ४६६ पश्चिमेला बेकर्सफील्डवरून पॅसिफिककाठच्या मोरो बेला जाई (१९५५ मध्ये जेम्स डीन हा नट अपघातात गेला तो याच रस्त्यावर, पण बार्स्टोपासून फार दूर). त्याचा बार्स्टो ते बेकर्सफील्ड हा भाग आता राज्य मार्ग ५८ आहे. सिलिकॉन व्हॅलीकडून ग्रँड कॅन्यनला जाणारे मराठी लोक हमखास ५८ ने येतात आणि पहिल्यांदाच बार्स्टो बघतात. ट्रकही तिथे भरपूर. पूर्वी हा रस्ता बराचसा दुपदरी होता आणि ओव्हरटेक करताना जीव मुठीत धरावा लागे. हिंकली आणि क्रेमर जंक्शन इथे बायपास झाल्यापासून सुसह्य झालाय. चौथा, २४७, दक्षिणेला लूसर्न व्हॅलीमार्गे युक्का व्हॅलीला जातो, जोशुआ ट्री राष्ट्रीय उद्यान बघायचं असेल तर. त्यावर पेट्रोल पंप फार नाहीत.

महामार्गासाठी अणुबॉम्ब फोडणार होते, हे खोटं ना?

खरं आहे. मीही आधी थापच समजलो होतो.

इंटरस्टेट ४० आखताना लडलो गावाच्या पूर्वेला ब्रिस्टल पर्वत आडवा आला. सँटा फे रेल्वेलाही आपला वळणावळणांचा मार्ग सरळ करायचा होता. १९६३ मध्ये रेल्वे, राज्याचा महामार्ग विभाग आणि अणुऊर्जा आयोग यांनी मिळून अभ्यास केला: २२ अणुस्फोट एका ओळीत करायचे, डोंगरात खिंड पाडायची, आणि तिच्यातून महामार्ग व दुहेरी रूळ दोन्ही न्यायचे. नाव ‘प्रोजेक्ट कॅरीऑल’. अणूचा शांततेसाठी वापर ही त्या काळची मोठी हौस होती. कागदावर खर्चही कमी दिसत होता! पण धूळ किती दिवस बसणार नाही, कामगार आत कधी जाऊ शकतील, असल्या क्षुल्लक शंका निघाल्या, तारखा लांबत गेल्या, आणि अखेर साध्या सुरुंगांनीच डोंगर कापला. तो रस्ता १९७३ मध्ये खुला झाला.

गंमत म्हणजे बॉम्ब न पडताही अँबॉयचं व्हायचं ते झालंच. नवा रस्ता उत्तरेकडून गेला आणि जुन्या ६६ वरची वर्दळ जवळपास थांबली. एबीसीडीतली बाकीची गावं तशीच विझली. बार्स्टो वाचलं, कारण दोन्ही नवे महामार्ग तिथेच एकमेकांपासून फुटतात.

यार्डात एवढे डबे उभे असतात, तिथे चालतं काय?

शंटिंग, पण अवाढव्य प्रमाणावर. गावाच्या पश्चिमेला १९७६ मध्ये सुरू झालेलं हम्प यार्ड आहे. आलेली गाडी मागून ढकलत एका टेकाडावर चढवतात. माथ्यावर डबा सुटा करतात, की तो स्वतःच्या वजनाने उतारावरून घरंगळतो. सांधे आपोआप फिरतात आणि डबा ४८ पैकी ठरलेल्या लाइनीत जाऊन उभा राहतो. वाटेत रुळांना लावलेले ब्रेक चाकं दाबून धरतात, त्याचा किंचाळल्यासारखा आवाज गावभर ऐकू येतो. रात्री मोटेलात झोपणाऱ्यांनी कानात कापूस घालावा. सँटा फे १९९० च्या दशकाच्या मध्यात बर्लिंग्टन नॉर्दर्नमध्ये विलीन झाली, त्यामुळे आता इंजिनांवर बीएनएसएफ अशी अक्षरं दिसतात.

पिवळी इंजिनं दिसली तर ती युनियन पॅसिफिकची. सॉल्ट लेक ते लॉस एंजेलिस ही लाइन १९०५ मध्ये पुरी झाली तेव्हा तिच्या मालकांनी डॅगेटपासून पुढे घाट उतरायला सँटा फेचेच रूळ वापरायचा करार केला. तो शेजार आजही चालू आहे. याच लाइनीवर १९०५ मध्ये रेल्वेने जमिनीचा लिलाव करून एक गाव वसवलं, त्याचं नाव लास व्हेगस. म्हणजे बार्स्टो व्हेगसहून थोरलं. थोरल्याच्या वाट्याला काम आणि धाकट्याच्या वाट्याला चैन, हे काही नवीन नाही.

हे सगळं बघायला उत्तम जागा कोणती?

स्टेशनाला जाणारा फर्स्ट अॅव्हेन्यूचा पूल. गाव रुळांच्या दक्षिणेला आणि स्टेशन पलीकडे, असं का, हेही लोक विचारतात. मूळ बाजार रुळांजवळच होता. १९२० च्या दशकात रेल्वेला यार्ड वाढवायला जागा हवी झाली आणि बाजार वर सरकला. पुलावर तासभर उभं राहिलात तर एक तरी दुमजली कंटेनर गाडी जातेच. रुळांवर उतरू नका. ती रेल्वेची खासगी जागा आहे.

रेल्वेने बार्स्टोला जाता येतं?

येतं, पण वेळ अडनिडी. शिकागो–लॉस एंजेलिस धावणारी, अॅमट्रॅक या प्रवासी रेल्वे कंपनीची साउथवेस्ट चीफ रोज एकदा दोन्ही दिशांनी थांबते: पूर्वेकडे जाणारी रात्री, पश्चिमेकडे जाणारी भल्या पहाटे. स्टेशनात तिकीटबाबू नाही, तिकीट आधी काढायचं. व्हेगसला जाणारी डेझर्ट विंड गाडी १९९७ मध्ये बंद झाली.

लॉस एंजेलिस–व्हेगस हायस्पीड गाडी बार्स्टोला थांबेल का?

नाही. ही गाडी आणणाऱ्या ब्राइटलाइन वेस्ट कंपनीच्या कामाचा नारळ एप्रिल २०२४ मध्ये फुटला. (नारळ आपल्या भाषेत, तिथे त्यांनी हातोडे मारले.) रूळ इंटरस्टेट १५ च्या मधल्या पट्ट्यातून जाणार आहेत, पण थांबे व्हेगस, व्हिक्टर व्हॅली, हेस्पेरिया आणि रँचो कुकामोंगा.

गावाची आशा दुसरीकडे आहे. ऑक्टोबर २०२२ मध्ये बीएनएसएफने बार्स्टोच्या पश्चिमेला ४,५०० एकरांवर दीड अब्ज डॉलरचं मालकेंद्र उभारायचं जाहीर केलं. लॉस एंजेलिस आणि लाँग बीच बंदरातले जहाजी कंटेनर थेट रेल्वेने इथे आणायचे, माल मोठ्या देशी कंटेनरांत भरायचा आणि पूर्वेला रवाना करायचा. किनाऱ्यावरच्या रस्त्यांवर ट्रक कमी होतील असा हिशेब. १९४२ पासून इथे मरीन सैन्याचं भांडार आहे, तेही याच कारणासाठी: माल उतरवायला, साठवायला आणि वाटेला लावायला इतकी सोयीची जागा शोधूनही सापडत नाही.

आईबाबांना आणि मुलांना घेऊन थांबायचं तर काय करावं?

मुलांना बार्स्टो स्टेशन आवडतं. नाव फसवं आहे: हे रेल्वे स्टेशन नव्हे, जुन्या डब्यांत थाटलेली दुकानं आणि मॅकडॉनल्ड्स आहे. डब्यात बसून फ्रेंच फ्राइज खायला मिळतात. मेक्सिकन हवं तर डेल टाको. ही साखळी १९६४ मध्ये शेजारच्या येर्मो गावात सुरू झाली, म्हणून इथल्या लोकांना तिचा माहेरचा अभिमान. शाकाहारी ज्येष्ठांसाठी दशम्या आणि चटणी घरून न्यावी, हे माझं प्रामाणिक मत.

जून ते सप्टेंबर दुपारी फिरायला नेऊ नका. गाडीत माणशी दोन-तीन लिटर पाणी ठेवा, हवा आणि टायर बघून घ्या. शुक्रवारी संध्याकाळी व्हेगसकडे आणि रविवारी दुपारी परतीला इंटरस्टेट १५ वर गणपतीतल्या मुंबई–गोवा रस्त्याची आठवण येते.

मोटेलच्या काउंटरवर गुजराती कसे काय भेटतात?

अमेरिकेतल्या मोटेल धंद्यात गुजराती, त्यातही पटेल मंडळी, किती आहेत हे जगजाहीर आहे, आणि रूट ६६ त्याला अपवाद नाही. महामार्ग झाल्यावर जुन्या रस्त्यावरची मोटेलं स्वस्तात विकायला निघाली. कुटुंबाने राबून ती चालवायची तयारी ज्यांची होती, त्यांनी घेतली. ‘केम छो’ म्हणून बघा, कधीकधी चहा मिळतो.

इंटरस्टेट ४० ची ती मैलांची पाटी कुठे आहे?

बार्स्टोत, ४० वर शिरल्यावर लगेच: विल्मिंग्टन, नॉर्थ कॅरोलिना, २,५५४ मैल. म्हणजे ४,११० किलोमीटर. काश्मीर ते कन्याकुमारी रस्त्याने जावं तसलं हे अंतर. दुसऱ्या टोकाला विल्मिंग्टनलाही बार्स्टोच्या नावाची तशीच पाटी होती, पण ती इतक्यांदा चोरीला गेली की २००९ मध्ये तिथल्या खात्याने नवी लावायचंच सोडून दिलं.

बार्स्टोच्या पाटीसमोर गाडी थांबवू नका, भरधाव ट्रक असतात. फोटो शेजारी बसलेल्याने काढावा. आणि व्हेगसला निघालेले असताना ही पाटी समोर आली, तर फाटा चुकलाय. पुढच्या एक्झिटला उतरा आणि मागे फिरा.